रिक्षावरचा माझा आवाज

आमच्या वाशीमकडच्या मालेगावात निवडणूक लागली की उमेदवाराच्या आधी त्याची रिक्षा दारात येते. वर भोंगा, दोन्ही बाजूंना फ्लेक्स, आणि रेकॉर्ड केलेला तोच तो मजकूर दिवसभर. आमच्या संघटनेच्या रिक्षावर आवाज माझा असे. आवाज बरा आहे, उच्चार स्वच्छ आहेत आणि फुकटात मिळतो, त्यामुळे भाऊ दुसऱ्या कोणाला विचारतच नसत.

भाऊ म्हणजे आमचे पुढारी. समतेवर बोलायला लागले की ऐकणाऱ्याच्या हातातला चहा गार होतो. समलिंगी असणं हा गुन्हा नाही असं कोर्टाने सांगितलं, तेव्हा आमच्या भागात त्यावर जाहीर सभेत बोलणारे मी पाहिलेले ते एकटेच. मी मागच्या खुर्चीत बसून रडलो होतो. त्याच आठवड्यात त्यांना गाठलं आणि सांगितलं, की भाऊ, मीही तसाच आहे, घरी कोणाला माहीत नाही. त्यांनी पाठीवर हात ठेवला. "चळवळीत साऱ्याइले जागा हाय गड्या. तुई गोष्ट माह्यापाशीच राहीन." आयुष्यात इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

खोटं कशाला बोलू, खटकण्यासारखं तेव्हाही दिसत होतं. काम न करणाऱ्या साहेबाला बांगड्यांचा आहेर द्यायचा, ही आमच्या आंदोलनाची ठरलेली रीत. सकाळी स्त्री-पुरुष समतेची शपथ आणि दुपारी साहेबाच्या टेबलावर हिरव्या बांगड्या. त्या बांगड्या बाजारातून मीच आणायचो, आणि फोटोत दात काढून उभाही राहायचो.

यंदा भाऊ स्वतः उभे होते. समोर एक रिटायर झालेले शिक्षक. अर्ध्या वॉर्डाला त्यांनी गणित शिकवलेलं, माझ्या बहिणीलाही. सरांनी लग्न केलेलं नाही. ते, त्यांची म्हातारी आई आणि कित्येक वर्षांपासूनचा एक मित्र, असे तिघे एका घरात राहतात. त्यावर लोक आपसात काय बोलतात ते मला ठाऊक होतं, पण तोंडावर कोणी बोलत नसे.

रेकॉर्डिंगला वाशीमला गेलो. मोबाइलच्या दुकानामागची खोली, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. भाऊंनी कागद हातात दिला. रस्ते, पाणी, नाल्या, सगळं नेहमीचं होतं. नवीन होतं ते शेवटी: "सर, तुमाले बायको काहून नाही? घरात मित्र कायले ठेवला? भावाबहिणींनो, आपल्या वॉर्डाले मर्द पाहिजे, मर्द!"

 मी भाऊंना बाहेर घेऊन गेलो.

"भाऊ, हे मी नाही वाचत."

"काहून?"

"काहून म्हंता? तुमाले माहीत नाही?"

"अरे, तुई गोष्ट येगळी. तू आपला माणूस हाय. हे इलेक्शन हाय, आठ दिवसात लोकं भुलून जातीन."

"मंग दुसऱ्या कोणाच्या आवाजात करा."

ते जवळ आले. मग माझी कॉलर नीट करत, अगदी मायेने म्हणाले, "बहिणीचं जमून राह्यलं ना तुया? पाहुणे रविवारी येऊन राह्यले म्हंतात. इतकी वर्सं तुई गोष्ट आमी कोणाले सांगतली का?"

धमकी द्यायची तर आवाज चढवावा लागतो, अशी माझी समजूत होती. मला भाऊंचा विलक्षण संताप आला, आणि संतापापेक्षा भीती जास्त वाटली. माझं बाहेर आलं असतं तर बहिणीचं जमलेलं स्थळ परत गेलं असतं, आणि आईला माझ्याबद्दल गल्लीतून कळलं असतं. मी आत जाऊन वाचलं.

दुकानदाराने हेडफोन काढले. "दादा, शेवटचं लय सुकं येऊन राह्यलं. जरा हासत म्हना ना, मजा येत नाही."

मी हसत म्हटलं. दुसऱ्यांदा झकास आलं. दारात उभ्या भाऊंनी अंगठा दाखवला.

तिसऱ्या दिवशी रिक्षा आमच्या गल्लीत आली. आई दारात गहू निवडत होती. समोरच्या ओट्यावरच्या बाया खिदळल्या. एकीने मला पाहून 'लय भारी' अशी खूण केली. आई हसली नाही. रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत तिचे हात सुपात तसेच राहिले.

"हे तू बोल्ला?"

मी दारातल्या चपला सरळ करू लागलो.

"त्या सराची माय जिती हाय रे अजून. चांगलं आयकू येते तिले. तिच्या दारावरूनई गेली असन हे रिक्षा."

सगळं ओठांवर आलं होतं. आई, मीसुद्धा सरांसारखाच आहे. भाऊंना ते माहीत आहे, म्हणून वाचावं लागलं. एवढंच म्हणायचं होतं, आणि ऐकून घ्यायला ती समोर बसलेलीच होती. मी तोंड उघडलं.

"तो माहा आवाज नाही."

आईने वर पाहिलं नाही. दोन खडे काढून बाजूला टाकले.

"बरं," ती म्हणाली. "ज्याचा असन, त्याच्या मायनंई आयकला असन."