पूर्ण कोर्सवाले

बायोप्सीचा रिपोर्ट वाचून अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, "लोकलाइज्ड आहे. म्हणजे कॅन्सर अजून प्रोस्टेटच्या आतच आहे, बाहेर पसरलेला नाही." प्रोस्टेट म्हणजे पुरुषाच्या लघवीच्या पिशवीखालची ग्रंथी. माझ्या मनात एकच येत होतं, सुमनला कोण भरवणार?

सुमन माझी बायको. दोन वर्षांपूर्वी तिला लकवा झाला. तिला गिळता येतं, पण फार सावकाश. घाईनं भरवलं की ठसका लागतो, डोळे पांढरे होतात. घरात सून आहे, पण सुमनची तऱ्हा फक्त माझ्या हाताला ठाऊक.

डॉक्टरांनी रेडिओथेरपीची, म्हणजे किरणांच्या उपचाराची, दोन वेळापत्रकं सांगितली; कुठलंही घेतलं तरी तेवढे दिवस अकोल्यातच राहावं लागणार होतं. जुनं जवळपास आठ आठवड्यांचं, रोज थोडा डोस. दुसरं चार आठवड्यांचं, रोजचा डोस मोठा. याला हायपोफ्रॅक्शनेशन म्हणतात, म्हणजे कमी बैठकांत उपचार. "तुमच्या अवस्थेत दोन्हींचा गुण सारखाच. छोट्यात सुरुवातीला लघवीचा, शौचाचा त्रास थोडा जास्त होऊ शकतो. प्लॅनिंग स्कॅनच्या दिवशी, म्हणजे किरणांची जागा आखू तेव्हा, काय ते सांगा."

तेवढ्या दिवसांत आमच्या गावी, अनसिंगला, माझ्या ओट्यावर भाऊबंद जमले. आमच्याकडे आजाऱ्याला पाहायला येणारा सल्ला दिल्याशिवाय चहा पीत नाही. प्रोस्टेट कुठे असतं हे त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. त्याचं नावसुद्धा ते शिवी दिल्यासारखं हळू घेत. पण आठ आठवडेच घ्यावेत यावर सगळ्यांचं एकमत.

त्यांचा पुढारी माझा साळा, रामकिसन. रिसोडला त्याचं कृषी केंद्र आहे. एका फवारणीत भागत असताना लोकांना तीन करायला लावून त्यानं दुकान वाढवलं.

"भाऊजी, अर्ध्या औषधानं कीड मरत नाही, जास्त माजते. पूर्ण कोर्स घ्या."

"अन् तुह्या बहिणीले कोन भरवन?"

"आमी हाओत ना. दोन घास तं भरवाचे राह्यतात."

दोन वर्षांत या माणसानं बहिणीला एक घास भरवला नव्हता. दारातून केळी द्यायची आणि तब्येत कशी आहे हे मला विचारून निघायचं.

स्कॅनच्या दिवशी तो हट्टानं सोबत आला. मशीनपुढे निर्जळी जायचं असतं, हे त्यानं आदल्या रात्रीच ठरवून टाकलं होतं. दवाखान्यानं दिलेल्या सूचना, त्याच्या मते, शहरातल्या लोकांसाठी होत्या. घरात कटकट नको म्हणून मी ऐकलं. टेक्निशियननं मला टेबलावरून उठवलं. या उपचारात लघवीची पिशवी भरलेली लागते, म्हणजे आतडी किरणांपासून दूर राहतात. "पाणी प्या आणि बसा. आता तुमचा नंबर शेवटी."

"सायेब, उपासानं कुठं काई बिघडते का?" रामकिसननं विचारलं. टेक्निशियननं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला फार बरं वाटलं.

बाकड्यावर पाणी पीत बसलो तेव्हा माझा निर्णय झाला. ज्याला पाणी प्यायचं की नाही एवढंही कळत नव्हतं, तो माझा डोस ठरवायला निघाला होता. मी डॉक्टरांना चार आठवडे सांगितले.

त्रास झाला. लघवीला आग व्हायची, संडासला धावावं लागायचं. पण तो माझा मला निभावता आला. शनिवारी-रविवारी मशीन बंद, मी घरी. सून जीव लावून भरवायची, तरी दर शनिवारी सुमन आणखी वाळलेली दिसायची. रामकिसन त्या काळात एकदा आला, केळी घेऊन.

तुमच्यावर ही वेळ आली तर डॉक्टरांना खोदून खोदून विचारा. सगळ्यांनाच छोटं वेळापत्रक चालतं असं नाही. पण ओट्यावर विचारू नका. मला दोन्ही वाटा उघड सांगणाऱ्या त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पुढच्या तपासणीत रक्तातला पीएसए, म्हणजे या आजाराचा माग देणारा घटक, चांगला खाली आला होता.

उपचार संपवून घरी आलो त्या संध्याकाळी सुमनला भरवायला बसलो. तिनं माझं मनगट धरलं आणि जड जिभेनं म्हणाली, "अजून चार आठवडे म्या नसते काढले."

बाहेर ओट्यावर रामकिसन कोणाला तरी सांगत होता, भाऊजींनी कोर्स अर्धाच केला. मी उठून दार लावलं आणि पुढचा घास कालवला.