पिवळं फडकं

आमच्या दरीत आकाशाचे वाटेकरी तीन. लष्कराची विमानं, छत्र्या लावून उडणारे हौशी पॅराग्लायडरवाले, आणि कुणावर संकट आलं की सगळ्यांना बाजूला सारून येणारं बचावाचं हेलिकॉप्टर. त्यांच्या पाळ्या सांभाळायचा आल्विन त्सुरफ्ल्यू, केबलकारच्या वरच्या ठाण्यावर बसून. लष्कराची मंडळी दुपारी जेवायला गेली की तो तळावर फोन करून आकाश मागून घ्यायचा आणि काठीवर पिवळं फडकं चढवायचा. फडकं वर असेतो उडा, खाली आलं की उतरा. मात्र ज्यानं आकाश घेतलं, त्यानंच फोन करून परत द्यायचं, हा इथला नियम.

हिवाळ्यात गावच्या सभागृहात आम्ही नाटकं करायचो, तेव्हा पडदाही तोच ओढायचा. मी नायिकेपासून सासूपर्यंत सगळं केलं. वाक्य आठवेना झालं की मी विंगेत पाहायची, आणि पडदा हळूच खाली येऊ लागायचा. प्रेक्षकांना वाटे, अंकच संपला. असा पडदेवाला पुन्हा मिळाला नाही.

त्या ऑगस्टात मी त्याच्यासाठी मॅकरोनी आणि सफरचंदाचा गर घेऊन वर गेले होते. समोरच्या उतारावर त्याची बायको इड्डा आणि तिचा भाऊ वाळत घातलेलं गवत उलथत होते. आल्विननं दुर्बीण लावली.

"इड्डा आडवी झालीय."

"दुपारची झोपते का रे ती?"

"नाही."

भाऊ तिच्यावर वाकून छाती दाबताना दिसला. आल्विननं हेलिकॉप्टर बोलावलं आणि फडकं उतरवलं. फोनवरचा त्याचा आवाज रोजचाच. छत्र्या एकेक करून खाली बसू लागल्या. एक लाल छत्री मात्र वरच घिरट्या घालत राहिली. हेलिकॉप्टर दरीच्या तोंडाशी येऊन थांबलं.

"उतर की रे बाबा," मी पुटपुटले.

आल्विननं दुर्बीण त्या छत्रीवर रोखून धरली. लाल छत्री सावकाश, मजेत उतरली. मग हेलिकॉप्टर आत आलं आणि इड्डाला घेऊन खिंडीपलीकडे गेलं.

कॉफी निवली. फोन वाजला. "बरं," आल्विन म्हणाला आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"गेली. वाटेतच."

मी त्याच्या हातावर हात ठेवला. त्यानं तो काढला नाही, धरलाही नाही. तेवढ्यात लाल छत्रीवाला धापा टाकत आला. परगावचा, पंचविशीतला.

"काका, माफ करा. फडकं खाली आल्याचं दिसलंच नाही मला. त्या बाई बऱ्या आहेत ना?"

आल्विननं त्याच्याकडे पाहिलं. "पुढच्या वेळी दर वळणाला काठीकडे बघत जा."

तो मान हलवून गेला. मी मॅकरोनीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. बऱ्याच वेळानं हेलिकॉप्टर परत आलं आणि आपल्या तळाकडे निघून गेलं. आल्विननं ते दिसेनासं होईपर्यंत पाहिलं. मग लष्करी तळावरच्या मुलीचा फोन आला. तिला काहीच ठाऊक नव्हतं.

"आल्विनकाका, आमची जेवणं कधीच झाली. आज आकाश परत देताय की ठेवताय?"

"दे इकडे, मी बोलते," मी हळूच म्हटलं.

"नको, क्लार्ली. मी घेतलं होतं." त्यानं दरीभर एकदा दुर्बीण फिरवली. उतारावर गवत अर्धंच उलथलेलं होतं.

"घ्या," तो फोनमध्ये म्हणाला. "रिकामं आहे."

मग तो पिवळ्या फडक्याची कडेला कड जुळवून घडी घालू लागला. विमानं डोक्यावरून गेली तेव्हा बशीतला कप थरथरला. त्यानं तो हातानं धरून ठेवला.