गुढियारीतली फौजी गाडी

रॉकेलचा वास आला की गुढियारी मोहल्ल्यातलं ते अंगण आठवतं. महायुद्धातली म्हणून एक मोटारसायकल विकायला काढलेल्या विधवा बाई माझ्याजवळच उभ्या होत्या. "आमचे हे जन्मभर सांगत राहिले, पण घरचे पोट्टे हसायचे. खरंच लढाईतली आहे का, भैया?" मी जुन्या गाड्या विकत घेणारा; लढाईतल्या म्हणून खपवलेल्या नकली गाड्या पुष्कळ पाहिल्या होत्या. चेसिसवरच्या नंबरावरचं ग्रीस मी रॉकेलनं पुसू लागलो. नंबर नव्यानं ठोकलेला निघाला तर यांना काय सांगू? हळूहळू जुने, झिजलेले आकडे उघडे पडले. टाकीखाली खरवडलं, तर हिरव्या रंगाआड फौजी खाकी निघाला. "खरी आहे," मी म्हणालो. त्यांनी पदरानं सीट पुसली. "मग नाही विकत मी. आधी पोट्ट्यायले दाखवीन." गाडी मला मिळाली नाही. आजही जुनी गाडी तपासताना, ती खोटी निघाली तर काय सांगू, म्हणून मालकाच्या चेहऱ्याकडे बघायची भीती वाटते.