म्हातारीचं पाणी

दगडूमामा मोटारीत बसण्याआधी तिच्या बोनेटवर हात ठेवून विचारत, "काय म्हातारे, निघायचं का?" मग जरा थांबत. तिचं उत्तर त्यांना ऐकू येत असावं. कारण एखाद्या दिवशी ते म्हणत, "आज न्हाई म्हनती," आणि सायकल काढत.

ते माझ्या नवऱ्याचे मामा, सहकारी साखर कारखान्यावर ड्रायव्हर. ती काळी मोटार मुळात एका देशमुखांची. कारखाना उभा राहिला तेव्हा त्यांनी ती कारखान्याला दिली. पुढे संचालकांना जीप आली आणि म्हातारी मामांच्या वाट्याला राहिली. संध्याकाळी धुळीतून तिचे मोठे दिवे दिसले की वाटे, कोणी दुसऱ्याच काळातून आपल्याला भेटायला येत आहे.

दुष्काळाच्या साली माझा लहानगा विष्णू तापाने फणफणला. नवरा ऊसतोडीला गेलेला. मामा आम्हाला बीडच्या दवाखान्यात घेऊन निघाले. नेकनूरच्या अलीकडे माळावर म्हातारीने वाफ सोडली आणि ती थांबली. माझ्याजवळ तांब्याभर पाणी होतं, ते मी पुढे केलं.

"ऱ्हाऊ दे. ते लेकराचं हाय." त्यांनी समोरच्या गावाच्या वेशीकडे बोट दाखवलं. तिथे टँकरभोवती बाया जमल्या होत्या. "तू जा. मी गेलो तर शिव्या खाईन. बाई बाईला देती."

परक्या माणसाशी मी कधी बोलले नव्हते. मी गाडीतच बसून राहिले.

"लाजत बसलीस तर पोरगं जाईल, सूनबाई."

विष्णूला त्यांच्या मांडीवर देऊन, गाडीतली रिकामी घागर घेऊन मी गेले. नुसती घागर पुढे धरली.

"मुकी हाय का काय बया?" एक म्हातारी म्हणाली. बाया हसल्या.

मी रस्त्याकडे हात केला. "माझं लेकरू. मोटारीला पाणी पाहिजे."

हसणं थांबलं. त्या म्हातारीने आपल्या घागरीतलं तांब्याभर पाणी माझ्या घागरीत ओतलं. मग दुसरीने, मग आणखी कोणी. "पाज की. ती बी तहानली आसंल."

विष्णू वाचला. त्यानंतर धरणाकडे काही काम निघालं की मामा येताना वाकडी वाट करत आणि पाण्याने भरलेले डबे त्या वेशीत उतरवत. म्हणत, "हितलं पानी प्यालाव आपुन."

आता विष्णूची नवी गाडी आहे. काचा बंद, आत गारवा. बाहेरचं ऊन चित्रातल्यासारखं दिसतं. मामांना डोळे तपासायला बीडला नेलं तेव्हा ते पुढे बसले होते. "झोपंत चालल्यावानी चालती की रं ही!" ती वेस आली तसा त्यांनी विष्णूच्या हातावर हात ठेवला. "थांब. हिला पानी पाजू."

"आजोबा, हिला लागत नाही पाणी."

"मग हिला गावं कशी कळायची?"

विष्णू हसला. गाडी पुढे गेली. मामा काचेतून मागे बघत राहिले.

त्याच उन्हाळ्यात ते गेले.

नंतर एकदा बीडहून येताना विष्णूने न सांगता त्या वेशीत गाडी थांबवली. मी उतरले. वेशीजवळच्या घराच्या दारात कुणाची तरी सून उभी होती. तिला म्हटलं, "बाई, थोडं पाणी देतेस का?"

तिने तांब्या दिला. विष्णूने आधी ओंजळभर पाणी बोनेटवर शिंपडलं, मग तो प्यायला.