घुबड नव्हे, नकुंदा!

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या नीलांबरीवहिनी चिडल्या की लिफ्टची वाट पाहत नाहीत. परवा मराठी मंडळाच्या दिवाळी फोटो-प्रदर्शनातून आल्या त्या जिन्यानंच, काखेत फ्रेम. मी दार उघडून उभाच. इथं आखातात, अल मन्सूराच्या जुन्या बिल्डिंगमध्ये दुसरी करमणूक काय?

"भाऊजी, बक्षीस मिळालं!"

बक्षीस मिळालेल्या बाईचा चेहरा असा नसतो.

त्यांचे संजीवराव आता मेसईदच्या प्लांटवर आहेत. आधी ब्राझीलमध्ये होते. तिथून लोक कॉफी आणतात. वहिनींनी एक फोटो आणला, नकुंदा नाइटहॉकचा. हा ससाणा नव्हे, आपल्याकडच्या रातवा पक्ष्याचा भाऊबंद. पोट पांढरंशुभ्र, पंखावर पांढरा पट्टा, शेपटीची टोकं पांढरी असली तर नर. दिवसा उघड्या माळावर घोळक्यानं बसतो, ऊन कललं की दिव्यांभोवतीचे किडे टिपत फिरतो. घरटं बांधत नाही, अंडी थेट जमिनीवर. मला हे पाठ आहे, कारण त्यांच्याकडचा चहा याच्याशिवाय मिळत नाही.

फोटोखालच्या पाटीवर त्यांनी हेच लिहिलं होतं. अध्यक्ष सुशांत नाडगौडांनी पाटी काढली. दिवाळीत दारासमोर घुबड नको म्हणून फोटो चिवड्याच्या टेबलामागे टांगला, खाली चिकटवलं 'रात्रीचे घुबड', आणि वर उत्तेजनार्थ बक्षीस!

"अहो, उन्हात बसलाय तो! सावली पडलीय शेजारी!" वहिनी म्हणाल्या होत्या.

"लोकांना कळायला सोपं पडतं, वहिनी."

"मग तुमच्या उंटाच्या फोटोखाली गाय लिहू?"

"खलास! पुढच्या वर्षी बघू, इन्शाल्ला."

वहिनींनी प्रमाणपत्र तिथंच ठेवलं आणि फोटो उचलला.

मी त्यांची खूप टिंगल करतो, पण या वेळी माझंही डोकं फिरलं. ज्या बाईनं त्या पक्ष्यासाठी माळावर पालथं पडून उन्हात तास काढले, तिला विचारायचंही नाही? मीच खिळा ठोकला, आमच्या दोन दारांच्या मधोमध. खाली वहिनींनी पुन्हा लिहिलेली तीच पाटी.

पाडव्याला नाडगौडा आमच्याकडे फराळाला आले.

"अरे, ते घुबड इथं?"

मी चकलीची बशी मागे घेतली. "आधी पाटी वाचा. मोठ्यानं."

"चेष्टा करता राव!"

"बशी माझ्याकडे आहे."

ते हसले. मी हसलो नाही. मग घसा खाकरून वाचू लागले आणि 'अंडी थेट जमिनीवर' म्हणून थांबले.

समोरच्या बंद दारामागून आवाज आला, "शेपटीचं गाळलंत."

त्यांनी शेपटीचं वाचलं. मग मी चकली दिली. एकच.