आईचं बीपी

बीटी कापसाला अळी लागत नाही, असं बियाणं विकणारा अगदी शपथेवर सांगायचा. त्या वर्षी बोंडाबोंडांत गुलाबी अळी निघाली आणि आमच्या आईला ती दिसेना. अळीसकट कापूस ओच्यात यायला लागला, तेव्हा घरात कळलं की हिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय.

खासगीत ऑपरेशन करायचं म्हणजे घरातला सगळा कापूस डॉक्टरच्या दारात नेऊन ओतायचा. म्हणून डोणगावच्या नेत्रशिबिरात तपासून घेतलं आणि आई, बाबा नि मी सरकारी गाडीनं बुलढाण्याच्या दवाखान्यात गेलो. गाडी फुकट, डोळ्यातलं भिंग फुकट, वरण-भातही फुकट. कापसाच्या भावावरून मी सरकारला आजही मनसोक्त शिव्या देतो, पण डोळ्यांपुरतं सरकार मला आवडतं.

अडचण होती आईच्या बीपीची. मागच्या शिबिरात ते वाढलं म्हणून तिला तसंच परत पाठवलं होतं. आता उजवा डोळा गेल्यातच जमा होता आणि डावाही धुरकटलेला. या वेळीही परत पाठवलं तर पुढच्या शिबिरापर्यंत ती आंधळी होणार, हे उघड होतं.

सिस्टरनं आईच्या दंडाला पट्टा बांधला. बाबा लगेच धीर द्यायला पुढे.

"भेऊ नको वं, मी हाय नं इथं."

"तुमी इथं, मी इथं, मंग कापूस कोन येचन?"

"डोळे गेल्यावर काय येचशीन?"

झालं, आकडा वर. सिस्टरनं पट्टा पुन्हा बांधला, बाबांनी पुन्हा धीर दिला, आकडा आणखी वर! शेवटी सिस्टर हसत म्हणाली, "काका, तुम्ही बाहेर चहा घेऊन या. मावशींचं बीपी म्हणजे तुम्हीच आहात. आणि परत आल्यावर बोलायचं नाही."

बाबा गाल फुगवून गेले. थोड्या वेळानं आकडा शहाण्यासारखा खाली आला आणि आईला ऑपरेशनला आत नेलं. बाबा संध्याकाळपर्यंत फिरकले नाहीत. रुसले असतील म्हणून मीही शोधलं नाही.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनं डोळ्यावरची पट्टी सोडली. आईनं आधी छताचा पंखा पाहिला, मग मला, मग पायथ्याशी अंग चोरून उभ्या असलेल्या बाबांना. गुळगुळीत दाढी, कातरलेल्या मिशा, डोक्याला चप्प तेल. चहा सोडून गडी न्हाव्याकडे जाऊन बसला होता! तोंड मात्र घट्ट मिटलेलं.

आई बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली.

"किती वाळले हो तुमी," ती म्हणाली. "मले दिसलंच नाई."

बाबांचे डोळे भरून आले. त्यांनी सिस्टरकडे पाहून हळूच विचारलं, "आता बोलू का?"