विहिरीची ओळ
शिक्क्याच्या शाईचा वास आला की परभणीच्या कचेरीसमोरचे ते टायपिंगचे दुकान आठवते. एका वृद्धेच्या जुन्या उर्दू खरेदीखताची स्कॅन केलेली प्रत कॉम्प्युटरच्या पडद्यावर वाचून मी भाषांतर सांगत होतो आणि दुकानदार टाइप करीत होता. दुपारी ते दाखल करायचे होते. पडद्यावरची खताची खिडकी त्याने कडेला सरकवली की ती आपोआप अर्धा पडदा व्यापी आणि वाचायची ओळ नाहीशी होई. बाकावरून वृद्धेने विचारले, “दादा, माज्या हिरीचं आलं का?” मी मजकूर तपासला, विहिरीच्या हिश्श्याची ओळच गळाली होती. “काका, कॉम्प्युटरच असं करायलाय, मी काय करू?” दुकानदार म्हणाला. “किती दिवसांपासून?” “घेतला तवापासून.” यंत्रापुढे इतका आज्ञाधारक माणूस मी सरकारी नोकरीतही पाहिला नव्हता. मी माऊस घेतला, सेटिंग उघडले आणि खिडक्या आपोआप मांडण्याची सोय बंद केली. “एवढंच व्हतं व्हय?” वृद्धा त्याच्यावर कडाडली, “अन् माजी हीर घालवायला निघाला व्हतास!” ओळ घातली, भाषांतर वेळेत दाखल झाले. काल माझे स्वतःचे एक काम घेऊन तेथे गेलो. कॉम्प्युटर नवा आहे. खिडकी पुन्हा अर्धा पडदा व्यापीत होती आणि तो ती मुकाट्याने मागे ढकलीत होता. मी कागद पिशवीतून काढलाच नाही.